स्टीव्ह जॉब्स यांचे ‘शेवटचे शब्द’

दर 5 ऑक्टोबरला, ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्या स्मृतिदिनी, व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरतो: मरणशय्येवरचे जॉब्स यंत्रांचे हिरवे दिवे बघत ‘पैसा फोल आहे’ असं सांगतायत. हे त्यांचं लिखाण नाही, बोलणंही नाही. घरच्यांनी खरं काय ते सांगितलेलं असताना त्यांच्या तोंडी परकं प्रवचन घातलेलं बघून फार वाईट वाटतं.

2011 साली जॉब्स गेले ते कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोच्या राहत्या घरी. बहीण मोना सिम्पसन तिथे होत्या. स्मृतिसभेतलं त्यांचं भाषण पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. जॉब्सनी आधी दुसरी बहीण पॅटीकडे पाहिलं, मग बराच वेळ मुलांकडे, मग पत्नी लॉरीनकडे, आणि शेवटी सगळ्यांच्या खांद्यांपलीकडे. तेव्हा ते तीनदा एवढंच म्हणाले: ‘ओह वॉव’.