लाइट आली, नेट का नाही?

इंदूरला रामबागेत आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की पुतण्याचं जेवण अर्धवट राहतं. तो एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे. फोन सुरू होतात ते मात्र लाइट परत आल्यावर. "भिया, नेट नी चल रिया!"

भागातले सगळे राउटर एकदमच जागे होतात आणि नाव-पासवर्ड सांगून आत घ्या म्हणतात. ते तपासतो रेडिअस सर्व्हर. ही पद्धत 1991 ची, डायल-अपच्या काळातली. लिविंगस्टन नावाच्या अमेरिकन कंपनीने काढलेली. आजही कितीतरी ब्रॉडबँड आणि कॉलेजांचं वाय-फाय तिच्यावरच चालतं.

परवा त्याच्या लॅपटॉपवर रकाने बघत होतो : आलेल्या विनंत्या, मंजूर, नामंजूर. मी नामंजूरवर बोट ठेवलं. "ते सोडा काका, कुणाचा पॅक संपला असेल. हे बघा." तो रकाना होता डुप्लिकेटचा.

रेडिअसचे निरोप बहुधा यूडीपी नावाच्या निरोप पाठवण्याच्या साध्या पद्धतीने जातात, आणि यूडीपीत पोच मिळत नाही. आजी स्वयंपाकघरातून हाक मारते, ओ आली नाही की तीच हाक पुन्हा. आजोबांना ऐकू आलेलं असतं, ते चष्मा शोधत असतात. तसंच कंपनीचं मधलं यंत्र काही सेकंद थांबून तीच विनंती परत पाठवतं. डुप्लिकेट चढले म्हणजे सर्व्हरला उशीर होतोय, नाहीतर त्याचं उत्तर वाटेत हरवतंय. त्यात विनंतीचा क्रमांक एकाच बाइटचा, म्हणून एका पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या क्रमांक दिलेल्या एका वाटेवरून, एका वेळी 256 च विनंत्या उत्तराची वाट बघू शकतात.

सरासरीवर तर माझा मुळीच भरवसा नाही. 99 उत्तरं 10 मिलिसेकंदांत आली आणि एकाला 5 सेकंद लागले, तर सरासरी निघते जेमतेम 60 मिलिसेकंद. फोन करतो तो शंभरावा.

गंमत म्हणजे डुप्लिकेट चढत असताना सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. अडलं होतं डेटाबेसपाशी. जो आत येतो त्याची 'सुरू झाला' अशी नोंदही सर्व्हरच्या 1813 क्रमांकाच्या पोर्टवर येते, आणि ती त्याच डेटाबेसमध्ये लिहिली जात होती. पासवर्ड शोधणारे आणि नोंदी लिहिणारे एकाच दारात. पुतण्याने नोंदी आधी साध्या फाइलमध्ये उतरवायला लावल्या. डेटाबेसमध्ये त्या सवडीने चढतात.

परवाच्या पावसात लाइट दोनदा गेली. फोन एकच आला, तोही पॅक संपलेल्याचा.