पेंढाऱ्यांच्या धाडी आणि पावसाळा (विदर्भ)

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नर्मदेच्या खोऱ्यातून वऱ्हाड आणि नागपूर प्रांतावर येणारी घोडेस्वार लुटारूंची मोहीम म्हणजे पेंढाऱ्यांची धाड. शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर बिनपगारी लढणारे आणि लुटीवर जगणारे हे स्वार. त्यांच्या नायकांपैकी चितू, करीमखान आणि वासिल महंमद ही नावे प्रमुख आहेत. धाडींचा इतिहास बहुधा लढाया आणि तहांच्या अंगाने लिहिला जातो. विदर्भातल्या गावाला मात्र धाड कधी येणार हे पावसावरून कळत असे.

मृगाचा पाऊस लागला की नर्मदा, तापी, पूर्णा, वर्धा या नद्या ओलांडण्याचे उतार बंद होत. सातपुड्याच्या घाटवाटा निसरड्या होत आणि खालची काळी जमीन इतकी फुगे की घोडा पोटापर्यंत रुतावा. ज्या वेगावर पेंढाऱ्यांची सारी भिस्त, तोच या चिखलात संपे. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते बंदरात थांबत. इथे हाच विसावा दसऱ्यापर्यंत मिळे. दसऱ्यानंतर नद्या उतरल्या, की घोड्यांना नाल ठोकून टोळ्या निघत. तंबू नाही, सामान नाही. स्वारापुरत्या भाकरी आणि घोड्यापुरते दाणे. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरची मजल त्यांना सहज जमे. नेमकी हीच वेळ ज्वारी खळ्यावर येण्याची आणि कापूस वेचणीची. वर्षभराचे पोट उघड्यावर पडलेले असताना संकट दारात येई, ही या प्रदेशाची खरी शोकांतिका होती.

गावे इतकी उघडी पडली त्याला राजकारणही कारण होते. अडगावची लढाई आणि गाविलगड गमावल्यावर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी देवगावचा तह केला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, कटक इंग्रजांकडे गेले. बुडालेला महसूल भरून काढायला उरलेल्या गावांवर नवे कर बसले, फौजेचे पगार थकले आणि पगार न मिळालेले शिपाई रयतेलाच लुटू लागले. अशा राज्यात पेंढाऱ्यांना अडवणार कोण? १८११ मध्ये ते थेट नागपुरापर्यंत आले आणि त्यांनी शहराच्या बाहेरच्या वस्त्या जाळल्या. पुरलेले धन काढून घेण्यासाठी गरम राख भरलेली पिशवी माणसाच्या तोंडावर बांधत. १८१६ मध्ये एक टोळी पूर्व किनाऱ्याजवळच्या गुंटूर भागात पोचली. बारा दिवसांच्या आत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. विदर्भातल्या गावांची अशी मोजदाद हाताशी नसली, तरी त्यांचे हाल यावरून कळतात.

गावांनी आपला बचाव आपणच केला. नागपूर प्रांतातल्या अनेक लहान गढ्या याच काळातल्या. उंचवट्यावर जाड भिंती, कोपऱ्याला बुरूज, आत विहीर आणि धान्याची पेवे. धुळीचा लोट दिसला की माणसे, गुरे आत घेऊन दरवाजा लावायचा. बाहेरचे सगळे गेले असे समजूनच आतले लोक जिवाच्या आकांताने लढत. तोफा नसलेल्या आणि कुठे थांबायची सवय नसलेल्या स्वारांना एवढी भिंतही पुरे होई. शेतकऱ्यांच्या या लढाईला भोसले आणि इंग्रजांच्या १८१७ मधल्या सीताबर्डीच्या लढाईइतकेच मोल आहे. गावांच्या लढाईच्या तारखा मात्र कोणी नोंदवल्या नाहीत.

१८१७–१८ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने एक लाखाहून मोठी फौज उभारून पेंढाऱ्यांना चहूबाजूंनी घेरले. मोहिमेची आखणीही पावसाळा संपण्यावर बेतलेली होती. करीमखान शरण आला आणि त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू काही काळ नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांबरोबर सातपुड्यात वणवण फिरला आणि १८१९ मध्ये अशीरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले.

गढ्या पुढे देशमुख-पाटलांच्या वाड्यांच्या कामी आल्या. आज बऱ्याच ठिकाणी एखादा बुरूज तेवढा उरला आहे. वर छप्पर नसल्याने दर पावसाळ्यात पांढऱ्या मातीचे थर वाहून जातात, आणि उरलेली माती घरे सारवायला, शेतात टाकायला नेली जाते. संरक्षित स्मारकांच्या यादीत मोठे किल्ले आहेत. या गढ्यांपैकी बहुतेकींची साधी मोजणीही झालेली नाही. ती जिल्हावार आणि लवकर व्हायला हवी.