कागद नाही, पण काम झालंय: मिस्त्रीच्या बिलामागचा कायदा

घराचं काम काढताना आपल्याकडे करारनामा क्वचितच होतो. ओटा बदलायचा, बाथरूमच्या टाइल्स उखडायच्या, पुट्टी मारून रंग द्यायचा. दर तोंडी ठरतो, मिस्त्री उचल घेतो आणि तोडफोड सुरू होते. वाद पेटतो तो शेवटच्या हप्त्याला. मालक म्हणतो, "कुठे लिहून दिलंय?" आणि मिस्त्री बहुधा तिथेच गप्प बसतो. खरं तर कायदा त्याला गप्प बसायला सांगत नाही. एके काळी मात्र तो सरळसरळ मालकाच्या बाजूनं होता.

कलकत्त्यातल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या मागणीवरून 1859 मध्ये एक कायदा आला. उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागिराला मॅजिस्ट्रेट पैसे परत करायला किंवा काम पुरं करायला लावी, आणि ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मुंबई शहरालाही तो लागू होता. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला मात्र त्यात तुरुंग नव्हता. त्याच्यावर फार तर दिवाणी दावा. हा एकतर्फी कायदा रद्द करणारा कायदा 1925 मध्ये झाला.

दरम्यान 1872 चा करार कायदा आला होता. त्याच्या कलम 10 नुसार करार लेखीच हवा अशी सरसकट अट नाही. दोघांची राजीखुशी, मोबदला आणि कायदेशीर हेतू असला की तोंडी करारही करारच. कलम 70 याच्याही पुढे जातं. फुकट करायचा इरादा नसताना कुणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर त्यानं भरपाई द्यायची.

या कलमाचा कस लागला तो सरकारविरुद्ध. 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, बंगालच्या हुगळी जिल्ह्यात बी. के. मंडल या ठेकेदार पेढीनं अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून पुरवठा खात्यासाठी एक स्वयंपाकघर आणि गोदामं बांधली. सरकारनं ती वापरली आणि बिल आल्यावर म्हटलं, 1935 च्या भारत सरकार कायद्यात सांगितलेल्या नमुन्यात करार झालेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1961 च्या अखेरीस लागला. बहुमताचा निकाल लिहिला साताऱ्याच्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. करार वैध नाही हे त्यांनी मान्य केलं, तरी पैसे द्यायलाच लावले. नको होतं तर नाकारायचं होतं. ठेवून घेतलंत, वापरलंत, मग भरपाई द्या, असा त्यातला युक्तिवाद.

घरकामातल्या 'एक्स्ट्रा'च्या भांडणात हीच मेख असते. मालकानं साइटवर उभं राहून "इथे एक लॉफ्ट काढा" म्हटलं आणि आज त्यात सामान भरलंय, तर मिस्त्रीची बाजू भक्कम. मालक गावाला असताना मिस्त्रीनं स्वतःच्या मनानं फॉल्स सीलिंग ठोकलं असेल, तर कठीण. आणि दर तोंडी ठरला होता हे शाबीत झालं, तर कलम 70 चा आधार घेऊन त्याहून जास्त मागता येत नाही.

मुदतीचं गणितही जुनंच आहे. 1963 च्या मुदत कायद्यात, पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल तर अशा दाव्याला काम झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. "दिवाळीनंतर बघू" या फोनवरच्या वायद्यानं ती वाढत नाहीत. मुदतीच्या आत सहीची लेखी कबुली मिळाली तर नव्यानं मोजली जातात.

पुराव्याची तऱ्हा मात्र बदलली. दर, फोटो, "उद्या टाइल्स येतील" हे सगळं आता व्हॉट्सॲपवर असतं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, तो कुठल्या फोनवरून कसा काढला हे सांगणारं सहीचं प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये जालन्याच्या एका निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, पक्कं केलं. मूळ फोनच कोर्टात हजर करून सिद्ध केला तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची ही अट कायम आहे.

कागद नसल्याचा खरा फटका वेगाला बसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश 37 चा झटपट दावा लेखी करारावर किंवा चेकवर चालतो, निव्वळ तोंडी ठरावावर नाही. म्हणून मुरलेले ठेकेदार करारनाम्याच्या नादी लागत नाहीत, पण शेवटच्या हप्त्याचा चेक फिनिशिंगच्या आधीच मागून ठेवतात.