बाळ आणि चिंपांझी: फरक गैरसमज ओळखण्यात नाही, बोटात आहे

‘चिंपांझीला चार वर्षांच्या मुलाइतकी अक्कल असते’ हे वाक्य दिसलं की माझं डोकं उठतं. ‘दुसऱ्याचं मन फक्त माणसालाच कळतं’ हे वाचूनही तितकंच उठतं. दोन्हींत गृहीत एकच: मन ओळखणं ही एक शिडी आहे आणि कोण कितव्या पायरीवर आहे एवढंच काय ते मोजायचं.

बाळांचं तुम्हाला माहीत आहेच. वर्षाच्या आत ते आपण बघू तिकडे बघायला लागतं, वर्षाच्या सुमारास बोट दाखवायला लागतं. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान हे एपही नजरेचा माग काढतात. समोरचा आडोशामागे बघत असेल तर पुढे सरकून डोकावतात. खाऊ मुद्दाम दिला नाही की देता आला नाही, हा फरक बाळांना कळतो तसा चिंपांझींनाही कळतो. इथवर वाद नाही.

वाद घातला जातो तो गैरसमजाच्या चाचणीवरून. 1983 साली विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना गोष्ट सांगितली: मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता मॅक्सी कुठे शोधेल? चारेक वर्षांपासून मुलं बरोबर उत्तर द्यायला लागतात: पहिल्याच कपाटात, कारण आईने ते हलवलंय हे त्याला ठाऊक नाही. तेव्हापासून हीच सीमारेषा धरून बसलेत सगळे. पण 2005 मध्ये ओनिशी आणि बायार्जाँ यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांना शब्दांशिवाय असाच प्रसंग दाखवला, तेव्हा माणसाने आपल्या चुकीच्या समजुतीला धरून न शोधल्यास बाळं जास्त वेळ बघत राहिली. 2016 मध्ये एपना चित्रफीत दाखवली गेली. किंगकाँगच्या वेशातला माणूस गवताच्या ढिगात लपतो, त्याला शोधणारा काठी आणायला आत जातो, तेवढ्यात किंगकाँग पळून जातो. काठी घेऊन माणूस परतला की तो जिथे चुकीचं शोधणार, त्याच ढिगाकडे एपची नजर आधीच जात होती. बाळांच्या नजरेवरचे असे काही प्रयोग नंतर पुन्हा करताना जमलेले नाहीत, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण तोंडी उत्तराचं वय घेऊन त्याच्याशी नजरेचा निकाल ताडून बघणं हा शुद्ध आचरटपणा आहे.

खरी गोम बोटात आहे. दोन भांडी, एकात खाऊ लपवलेला. माणूस बरोबर भांड्याकडे बोट दाखवतो. चौदा महिन्यांचं बाळ तिकडे जातं. तेच बोट नुसतं बेसावधपणे पुढे आलेलं असेल, बाळाशी काही बोलायचा हेतू नसेल, तर बाळ त्याला खूण मानत नाही. चिंपांझी मात्र बोटाच्या दिशेने बघतो आणि तरीही कुठलंही भांडं उचलतो. ‘बघा, त्याला मन कळत नाही’ असं इथे म्हणून मोकळे होतात लोक. थांबा जरा. 2004 मध्ये हेअर आणि टोमासेलो यांनी त्या माणसाला आधी प्रतिस्पर्धी बनवलं: खाऊ मिळाला की तो स्वतःसाठी ठेवायचा. मग त्याने भांड्याकडे हात लांबवला, पण हात पोचेना. चिंपांझींनी बरोबर तेच भांडं निवडलं. हात जवळपास तसाच, दिशा तीच. ‘याला ते हवंय, म्हणजे त्यात काहीतरी आहे’ हे त्यांना कळतं. ‘हा मला काहीतरी सांगतोय, माझ्या भल्यासाठी’ हे मात्र त्यांना सुचत नाही.

बाळांचं उलट. लिस्कोव्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या प्रयोगात मोठं माणूस स्टेपलरसारखी वस्तू वापरत होतं, ती जागेवरून हलवली गेली आणि ते इकडे तिकडे शोधू लागलं. वर्षाच्या बाळांनी वस्तू कुठे आहे ते बोटाने दाखवून दिलं. स्टेपलर घेऊन बाळाला काय करायचंय?

कुत्रेही माणसाचं बोट छान ओळखतात, चिंपांझींपेक्षा कितीतरी बरं. म्हणून शिडी सोडा.

एक आक्षेप मला रास्त वाटतो: एपची चाचणी बहुधा जाळीपलीकडून होते आणि बाळ आईच्या मांडीवर बसलेलं असतं. माणसांत वाढलेले एप बोटाच्या कामात सरसही ठरतात. 2025 मध्ये माणसांत वाढलेल्या कांझी नावाच्या बोनोबोसह तीन बोनोबोंवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खाऊ कुठे लपवलाय हे माणसाला ठाऊक नसेल, तेव्हा ते जास्त वेळा आणि लवकर बोट दाखवत. म्हणजे समोरच्याचं अज्ञान त्यांना कळतं. पण खाऊ शेवटी त्यांच्याच तोंडात जायचा. याचा अर्थ ते स्वार्थी, असाही काढू नका: माणसाच्या हातून पडलेली आणि त्याला न पोचणारी वस्तू चिंपांझी बक्षिसाशिवायही उचलून देतात. मदत म्हणून वस्तू देतील, पण मदत म्हणून माहिती देताना ते क्वचितच दिसतात.