कलम बांधण्यापेक्षा शिकवणं अवघड का?

ऑगस्ट उजाडला की दिंडोरी, निफाड, चांदवडच्या नव्या द्राक्षबागांत कलमाचा हंगाम सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेले डॉगरिज जातीचे खुंट, म्हणजे ज्यांवर कलम बांधायचं ती मुळांची रोपं, तोवर पेन्सिलीएवढे जाड झालेले असतात, हवेत दमटपणा असतो आणि कलम बांधणाऱ्या टोळ्यांना उसंत नसते. माणसं कमी पडली की टोळीत नवी पोरं घेतात. त्यांना शिकवायची रीत बहुतेक ठिकाणी एकच. जुना कारागीर चार-पाच कलमं भराभर बांधून दाखवतो, "अशी काडी धरायची, असा काप घ्यायचा, अशी खोचायची, झालं" म्हणतो आणि पुढच्या ओळीला लागतो. महिन्याभरात ओळीत नांग्या, म्हणजे कलम न लागलेल्या मोकळ्या जागा, दिसू लागतात आणि खापर फुटतं पोराच्या आळशीपणावर.

पाचर कलम सांगायला सोपं आहे. जमिनीपासून साधारण दीड फुटावर खुंट आडवा कापायचा आणि मधोमध चार-पाच सेंटिमीटर खोल चीर द्यायची. जी द्राक्षं हवीत त्या वेलीच्या दोन डोळ्यांच्या (कोंबांच्या) काडीला खालच्या टोकाकडे तेवढ्याच लांबीचे दोन तिरके काप देऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळायची. एवढंच. पण या 'एवढंच' मध्ये किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे शिकवणाऱ्याला दिसत नाही.

1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यानं गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती टकटक येते. कारागिराचं "असा काप घ्यायचा" हीसुद्धा शिकणाऱ्यासाठी टकटकच.

बरं, "जरा हळू करून दाखवा" म्हटलं, तर हळू करताना हाताची हालचालच बदलते. त्यापेक्षा मोबाइलवर नेहमीच्या वेगात चित्रण करून ते संथ करून दाखवावं. चित्रण कारागिराच्या खांद्यामागून घ्यावं. समोर बसून पाहिलं की डावं-उजवं मनातल्या मनात उलटवावं लागतं, त्यातच निम्मं लक्ष खर्ची पडतं. (डावखुऱ्या पोराची अडचण वेगळीच. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं दिलेली असते, त्यामुळे उजव्या हाताचा चाकू त्याच्या हातात सरळ कापतच नाही. त्याला डावखुरा चाकूच हवा.)

आता पाचरेकडे जवळून पाहू. साल आणि लाकूड यांच्या मधोमध कॅम्बियमचा थर असतो, जेमतेम काही पेशींच्या जाडीचा. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला, तरच कलम सांधतं. काप लाटांसारखा वरखाली झाला तर मध्ये पोकळी राहते आणि कडा सुकतात. नवशिक्या हमखास थोडंथोडं तासत बसतो. एक काप वाकडा गेला म्हणून दुसरा, तो नीट करायला तिसरा. पाचर आखूड आणि जाडी होते, चिरेच्या तळाशी पोचत नाही.

दुसरी चूक नजरेची. काडी खुंटापेक्षा बारीक असली की नवशिक्या ती बरोबर मध्यावर बसवतो, कारण डोळ्याला ते नीटनेटकं वाटतं. मग दोन्हीकडचे कॅम्बियम हुकतात. काडी एका कडेला सरकवून निदान एका बाजूची साल सालीला मिळवायची असते. दिसायला हे कलम वाकडं दिसतं, पण लागतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, नुसतं बघून कोणाच्या लक्षात येत नाही.

काप सरळ यावा म्हणून "मनगट ताठ ठेव" असं सांगतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. 1920 च्या दशकात मॉस्कोत हालचालींचा अभ्यास करणारे निकोलाय बर्नस्टाईन यांनी हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली टिपल्या. दर घावाला खांदा, कोपर, मनगट थोडे वेगळे हलत होते, हातोडा मात्र नेमक्या जागी पडत होता. पुढे हालचाली कशा शिकल्या जातात यावर संशोधन करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांच्या प्रयोगांत दिसलं, की शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवांपेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर कौशल्य लवकर येतं. म्हणून सांगावं ते असं: "पात्याची सपाट बाजू काडीला चिकटून राहू दे आणि एका ओढीत टोकापर्यंत ने." मनगटाचं मनगट बघून घेतं.

खरी गोची मात्र वेगळीच आहे. कलम लागलं की नाही हे कळायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर पोरानं शेकडो कलमं त्याच चुकीसह बांधलेली असतात आणि चूक हातात पक्की मुरलेली असते. निकाल तिथल्या तिथे दिसेल, अशी सोय करायला हवी. काप घेतला की चाकूची सपाट बाजू त्यावर टेकवून उजेडाकडे धरावी. फटीतून उजेड दिसला तर काप फसला. बांधलेल्या पहिल्या काही कलमांच्या पट्ट्या लगेच सोडून आतला सांधा पाहावा. सरावाला काड्या विकत आणायची गरज नाही. खुंट कापल्यावर खाली पडलेला डॉगरिजचा शेंडा त्याच जाडीचा, त्याच लाकडाचा असतो. आणि हो, चाकू लागू नये म्हणून आधी डाव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायला द्यावा.

प्रत्येक कापाला टोकू मात्र नये. सतत कोणी सांगत असलं की पोर काडीकडे बघायचं सोडून शिक्षकाच्या तोंडाकडे बघू लागतं. चार-पाच काप होऊ द्यावेत, मग एकच चूक दाखवावी. माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी ध्यानात धरू शकतो, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं. सुरुवातीला तर तेवढ्याही धरवत नाहीत.

क्रमही उलटा ठेवून पाहण्यासारखा आहे. कारागिरानं पाचर बसवून द्यावी, नवशिक्यानं फक्त पट्टी बांधावी. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत, म्हणजे कौलांवरून पाणी ओघळतं तसं ते बाहेरून निघून जातं. पट्टी जमली की पाचर बसवणं, मग चीर, आणि सगळ्यात शेवटी पाचरेचा काप. चांगली बसलेली पाचर हाताला आधीच माहीत झाली, की स्वतःची फसलेली पाचर बोटांनाच कळते.

काडी उलटी खोचणं ही चूक हसण्यावारी नेली जाते, पण गडबडीत ती होतेच. काड्या जमवतानाच वरचा काप सरळ आणि खालचा तिरका घ्यावा, म्हणजे प्रश्न उरत नाही.

प्रत्येक शिकाऊ पोराची ओळ वेगळी ठेवावी आणि डोळा फुटला म्हणून लगेच कलम लागल्याचं धरू नये. काडीतल्या साठ्यावरही डोळा फुटतो आणि मग मान टाकतो. म्हणून फूट चांगली वाढू लागल्यावरच मोजणी करावी. गेलेली कलमं उपटून फेकण्याआधी ज्याची त्याच्याकडून उकलून घ्यावीत. तळाशी पोकळी दिसली तर पाचर आखूड होती. दोन्ही कडा सुक्या असतील तर काडी मध्यावर बसली होती. सांध्यात काळपट ओल असेल, तर पट्टी ढिली राहून पाणी आत गेलं होतं.