युरोव्हिजन गीतस्पर्धा : सहभागी देश आणि गाण्याची भाषा

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारणसंस्थांच्या संघटनेची वार्षिक गीतस्पर्धा. पहिली स्पर्धा १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. तीत सात देश होते.

स्पर्धेत नाव देशाचे असले, तरी गाणे पाठवते ते त्या देशातली प्रसारणसंस्था. म्हणून युरोपाबाहेरचा इस्राएल १९७३ पासून यात आहे, मोरोक्को १९८० मध्ये एकदाच येऊन गेला आणि ऑस्ट्रेलिया २०१५ पासून निमंत्रणावरून गातो. बेल्जियममध्ये डच आणि फ्रेंच भाषकांच्या प्रसारणसंस्था वेगळ्या असल्याने त्या आलटून पालटून गाणे पाठवतात.

सुरुवातीला भाषेचा नियम नव्हता, कारण जो तो आपल्याच भाषेत गात असे. १९६५ मध्ये स्वीडनचे गाणे इंग्रजीत आले आणि पुढच्याच वर्षी देशाच्या भाषेतच गाण्याची सक्ती झाली. १९७३ मध्ये ती उठली. १९७४ मध्ये स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’ने इंग्रजी गाण्यावर बाजी मारली. १९७७ पासून सक्ती पुन्हा आली, ती १९९८ पर्यंत टिकली. या नियमाने स्विस रोमान्श (१९८९) आणि ब्रेटन (१९९६) यांसारख्या लहान भाषांना आडकाठी केली नाही. मात्र इंग्रजी हीच देशभाषा असलेल्यांना फायदा झाला, असा आक्षेप होता. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही : १९९२ ते १९९७ या सहा वर्षांत आयर्लंड चारदा आणि ब्रिटन एकदा जिंकले. प्रेक्षकांना स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, त्यामुळे परक्या श्रोत्याला शब्द कळणे मोलाचे ठरते.

१९९९ पासून भाषा ज्याची त्याने निवडावी असे ठरले, आणि बहुतेकांनी इंग्रजी निवडली. बेल्जियमने २००३ मध्ये वेगळीच वाट काढली. ‘अर्बन ट्रॅड’ या गटाने कोणाचीच मातृभाषा नसलेल्या, रचलेल्या भाषेत गायले आणि अवघ्या दोन गुणांनी पहिला क्रमांक हुकला. तुर्कस्तानला १६७ गुण होते, बेल्जियमला १६५.

भाषा न कळूनही गाणे मनाला भिडते, याचे दाखले पुढे मिळत गेले. २००७ मध्ये सर्बियन गाणे जिंकले. २०१६ मध्ये युक्रेनच्या जमाला हिने १९४४ साली क्रिमियन तातारांना स्टालिनच्या राजवटीत मायभूमीतून हद्दपार केल्याची व्यथा मांडली. कडवी इंग्रजीत होती, धृपद क्रिमियन तातारीत. हे धृपदच त्या गाण्याचा प्राण आहे. पुढच्या वर्षी साल्वादोर सोब्राल याने बहिणीने रचलेले पोर्तुगीज गाणे, नाचगाण्याचा कोणताही थाट न करता, म्हटले. त्याला ७५८ गुण मिळाले आणि १९६४ पासून स्पर्धेत असलेल्या पोर्तुगालला पहिले विजेतेपद लाभले. इटालियन (२०२१) आणि युक्रेनी (२०२२) गाणीही जिंकली.

मुभेचा लाभ घेऊन इंग्रजीकडे वळलेल्या स्वीडननेही २०२५ मध्ये, १९९८ नंतर प्रथमच, स्वीडिश गाणे पाठवले. ते गाणारे ‘काय’ हे त्रिकूट फिनलंडमधल्या स्वीडिशभाषकांचे होते. त्यांना चौथा क्रमांक मिळाला.