लग्नाच्या व्हिडिओतील संगीत व कॉपीराइट

लग्नाची फिल्म, टीझर किंवा वधूवरांच्या लहानपणीच्या फोटोंचा स्लाइडशो यांना गाणे जोडताना लागू होणारे हक्क व परवाने. भारतात याला १९५७चा कॉपीराइट कायदा लागू आहे.

मुंबईत घोळ बहुधा एकाच ठिकाणी होतो. कायद्याच्या कलम ५२ने धार्मिक विधीत गाणे वाजवायला सूट दिली आहे आणि त्यात वरात व लग्नाशी निगडित इतर समारंभही धरले आहेत. केंद्र सरकारने २०२३मध्ये तशी जाहीर सूचना काढली. गोवा सरकारने त्याच धर्तीवर काढलेले परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४मध्ये रद्द केले. वाद आहे तो वाजवण्यापुरता. तेच गाणे फिल्मला लावणे ही वेगळी गोष्ट. त्याला सिंक परवाना, म्हणजे गाणे दृश्यांना जोडण्याची परवानगी, लागते, आणि हॉलवाल्याने वाजवण्यासाठी घेतलेला परवाना इथे कामाला येत नाही.

चित्रपटगीतात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन हक्क असतात. १९६० साली निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चाल गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे सुरक्षित राहतात. म्हणजे गाणे जुने असले तरी मोकळे असतेच असे नाही. मंगलाष्टकांचेही तेच: पारंपरिक श्लोक कुणाच्या मालकीचे नाहीत, त्यांची विकत मिळणारी रेकॉर्ड मात्र कुणाच्या तरी मालकीची असते. भटजींनी मांडवात म्हटलेली मंगलाष्टके आणि दारातली सनई माइकवर नीट टिपली, तर निम्मा प्रश्न सुटतो. (ऐकायलाही तीच बरी.)

घरच्यांनी घरात पाहायच्या स्लाइडशोसाठी खासगी वापराचा बचाव मांडता येतो. पैसे घेऊन फिल्म बनवणाऱ्या आणि ती जाहिरातीसाठी टाकणाऱ्या स्टुडिओला तो सहसा पुरत नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘खाली श्रेय दिलं की झालं’ असे नियम कायद्यात कुठेही नाहीत.

प्रत्यक्षात गाणे पकडतो तो यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे व्हिडिओतले गाणे आपोआप ओळखणारी यंत्रणा. हळदीत डीजेवर मागे वाजलेले गाणेही तो ओळखतो. मग आवाज बंद होतो, व्हिडिओ अडतो किंवा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे वळतात. म्हणून बरेच एडिटर दोन प्रती काढतात: पेन ड्राइव्हवर घरच्यांच्या आवडीच्या गाण्याची आणि नेटवर टाकायला वर्गणीच्या लायब्ररीतल्या परवानाधारक संगीताची. पहिल्या प्रतीच्या परवान्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.